जनरेटर चालू असेपर्यंत

३ मार्च

आला! एकदाचा आला तो जनरेटर. टेम्पोवाल्याने अंगणात खोका उतरवला आणि विचारलं, "सही कोण करणार?" हे खोक्याच्या एका बाजूला, भावजी दुसऱ्या बाजूला. दोघंही आकाशाकडे बघतायत. शेवटी सही मीच केली.

लिहून ठेवते, म्हातारपणी वाचून हसायला होईल — म्हणजे आणखी म्हातारपणी. ह्यांचं आणि ह्यांच्या धाकट्या भावाचं सात वर्षं बोलणं नाही. एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात, अंगणातल्या घरगाडीचे, म्हणजे आत पलंग असलेल्या फिरायच्या गाडीचे, अर्धे-अर्धे मालक आहेत. पण बोलायचं ते माझ्यामार्फत. भावजींनी लग्न केलं नाही. म्हणतात, "एका घराला एक वहिनी पुरे." पुरे कसली, पुरून उरलेय मी!

कारण काय, तर घरगाडीची पहिलीच सहल. सासूबाईंना घेऊन मावशीकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीकडे निघालो होतो. एका चौकात हे म्हणाले डावीकडे, भावजींनी गाडी उजवीकडे घातली, आणि पुढे बुटका पूल. छप्पर खरवडून निघालं. तिथेच दोघांनी जो अबोला धरला तो धरला. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "राहू दे. चला परत." लगेच म्हणाल्या, जराही कुरकुर नाही. तेव्हापासून गाडी अंगणात उभी आहे. दोघांपैकी एकाने विकायचं ठरवलं असतं, पण ते दुसऱ्याला सांगणार कोण? मला सांगायला सांगितलं असतं तर मी सांगितलं नसतं.

आता ती गाडी बाहेर काढायचीय, कारण सासूबाईंना परत मावशीकडे जायचंय. मधल्या काळात त्यांच्या नाकाला नळी लागली. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू, आणि ते विजेवर. प्रवास दोन दिवसांचा. म्हणून जनरेटर, आणि तो बसवायचा गाडीच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्यायचं असेल तर या महिन्यात न्या. पुढच्या महिन्यात मला विचारू नका." सासूबाईंनी नुसती मान हलवली.


४ मार्च

मी सासूबाईंना म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, मावशींनाच इकडे आणू. "ती यायची नाही." गुडघ्यांमुळे? "हो. गुडघेच म्हण."

मग फोन तरी लावून देते म्हटलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं माझं, अख्ख्या जगाला जोडून दिलं, तुम्हाला नाही देणार? तर म्हणाल्या, "फोनवर कसलं बोलणं! तोंड दिसायला हवं." म्हातारी मोठी ताकास तूर लागू देईल तर शपथ.


५ मार्च

नाकापेक्षा मोती जड! जनरेटर कप्प्यात जात नाही. चार बोटं बाहेर राहतो.

आधी कप्पा रिकामा केला. घडीच्या खुर्च्या, पाण्याचा पाईप, आणि ह्यांचा एक बूट, ज्याचा जोडीदार मी सहा वर्षांपूर्वी फेकून दिला. मग हे फूटपट्टी घेऊन बाहेर उभे. तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायचे, त्यामुळे साधी रेघ मारतानाही श्वास रोखतात. भावजी कप्प्यात पालथे. फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, पत्र्याचं काम हातचा मळ. दोघांच्या डोक्यांमधलं अंतर दीड हात असेल. मधे मी.

"त्याला सांग, मागचा पत्रा कापावा लागेल."

"भावजी, मागचा पत्रा कापावा लागेल म्हणतायत."

"त्यांना सांगा, ऐकू आलं."

"ऐकू आलं म्हणतायत."

"ऐकू आलं तर काप म्हणावं!"

"कापा."

"त्यांना विचारा, पत्र्यामागे काय आहे ते बघितलं का?"

हे म्हणाले, त्याला सांग, बघितलं. बघितलं नव्हतं!


७ मार्च

पत्र्यामागे सासूबाईंचा पलंग होता.

आता पलंगाखालून जनरेटरचं नाक दिसतं. सासूबाई जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. सोबत होईल."


८ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या ओरडल्याच माझ्यावर. धूर आत आला तर सगळेच झोपेत जाल म्हणाल्या. मग ह्यांनी कागदावर बंद पेटी काढली, भावजींनी ती पत्र्याची बनवायला घेतली. हवा खालून घ्यायची, धुराचा पाईप मागून वर छपरापर्यंत. पलंगाजवळ धुराची घंटी लावायची. मूळचा सायलेन्सर त्या पेटीत मावेना, तो काढून टाकला. नवा लांबोडका मागवलाय.

काम छान करतात हो दोघं. तोंड मिटून काय सुंदर करतात!


१० मार्च

आजचा दिवस माझ्या नशिबात का होता देव जाणे.

जनरेटर बसवायला सरकता ट्रे हवा, म्हणजे ओढला की बाहेर, ढकलला की आत. सकाळी ह्यांनी मला सांगितलं, "त्याला सांग, ट्रेची रुंदी अठरा." मी दुकानात फोन करून सांगितलं, अठरा. भावजी म्हणाले, "अठरा. बरं."

संध्याकाळी ट्रे आला. देखणा! कडा गोल केलेल्या, निळा रंग, बेअरिंगवर लोण्यासारखा सरकतो. आणि रुंदीला माझ्या विणकामाच्या डब्याएवढा. ह्यांचे अठरा इंचाचे, भावजींचे सेंटीमीटरचे!

दोघं त्या ट्रेकडे बघत राहिले. मग दोघांनी सावकाश माना वळवल्या. माझ्याकडे.

"तू इंच म्हणाली नाहीस?"

"वहिनी, तुम्ही इंच कुठे म्हणालात?"

मी म्हटलं, तुम्ही कुठे म्हणालात! मला जे सांगितलं ते मी सांगितलं! तर हे म्हणतात, "एवढी वर्षं मधे आहेस, एवढं तुला कळायला हवं." आणि भावजींनी मान डोलावली! सात वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही माझ्या विरुद्ध.


११ मार्च

राजीनामा दिला. नाश्त्याच्या टेबलावर, तोंडी. "आजपासून ही लाइन बंद. कोणाला काही सांगायचं असेल तर ज्याचं त्याने सांगावं. मी निरोप घेणार नाही, देणार नाही, आणि मीठही पुढे सरकवणार नाही."

दोघांनी अळणी अंडं खाल्लं. मिठाची डबी भावजींच्या हातापाशी होती, पण घेतली तर ती ह्यांच्याकडे सरकवावी लागली असती.

सासूबाई गालात हसत होत्या. मला वाटलं माझी बाजू घेतील. म्हणाल्या, "तू नव्हतीस तेव्हा हे काम शिंपीणबाई करायच्या." कोण शिंपीणबाई? कोणाचं काम? विचारलं तर म्हणे, "जुनी गोष्ट. चहा टाक."


१२ मार्च

आता दोघं जनरेटरशी बोलतात! खरंच सांगते.

हे (जनरेटरला): "जनरेटरसाहेब, तुमच्यासाठी अठरा इंची ट्रे लागेल. इंची."

भावजी (जनरेटरला): "जनरेटरसाहेब, कळलं म्हणावं. उद्या मिळेल."

हे: "साहेब, जुना ट्रे फेकू नका म्हणावं. घरात विणकामाचा डबा ठेवायला होईल."

तो टोमणा मला होता. मी खिडकी लावून घेतली. पण ट्रे घेतला, चांगला सरकतो.


१५ मार्च

बसला! नव्या ट्रेवर, रबराच्या गुट्ट्यांवर, चार बोल्टांनी आवळून, पेटीचं झाकण लावून. नाही बसला तर काय या भीतीने मी सकाळपासून हात पुसत होते. सासूबाईंना खुर्चीवरून व्हरांड्यात आणलं. भावजींनी बटण दाबलं.

बाप रे बाप! सायलेन्सर यायचाय अजून, त्यामुळे नुसत्या पाईपातून जो आवाज आला — खिडकीच्या काचा थरथरल्या, तारेवरचे कपडे खाली पडले, दातांत झिणझिण्या. मी कानांवर हात ठेवले. आणि बघते तर काय —

हे भावजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतायत. भावजी हातवारे करून ह्यांच्या कानात ओरडतायत. समोरासमोर! मधे कोणी नाही! मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मी तिथल्या तिथे रडायला लागले. सात वर्षं हो! मी सासूबाईंचा हात धरला. त्या अगदी टक लावून बघत होत्या.

मग भावजींनी बटण बंद केलं. ह्यांचं वाक्य अर्ध्यात होतं. तोंड उघडंच, तसंच मिटलं. दोघं एकमेकांना पाठ करून उभे राहिले. भावजी हवेला म्हणाले, "हात धुवायला साबण कुठेय?"


१६ मार्च

ह्यांना धरून बसवलं. म्हटलं, काल बोललात ना भावजींशी? "छे." मी डोळ्यांनी बघितलं! "त्याला बोलणं म्हणत नाहीत. एवढ्या आवाजात कोण काय म्हणालं ते कळतं का? ते धरायचं नसतं."

भावजींना विचारलं. "वहिनी, ते बोलणं नव्हे. ती टेस्टिंगची आरडाओरड."

म्हणजे दोघांनी न ठरवता एकच नियम ठरवला. रक्त एक आहे शेवटी.


१८ मार्च

रोज संध्याकाळी टेस्ट चालू आहे. परवा व्होल्टेज, काल पंखा, आज म्हणे "लोड". लोड म्हणून दोघांनी माझी इस्त्री लावली आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता सगळा वेळ एकमेकांच्या कानात ओरडत होते. इस्त्री मात्र एकाही कपड्याला झाली नाही.

शेजारचे दातांचे डॉक्टर तक्रार करायला आले. "माझा पेशंटच्या तोंडात हात असतो, हो!" पण जनरेटर चालूच होता, त्यामुळे त्यांना ती तक्रार ओरडून करावी लागली. मग दुसरी केली. मग बहुतेक तिसरी. चांगले लालबुंद होईपर्यंत ओरडले. टेस्ट संपली तेव्हा घाम पुसून म्हणाले, "बरं वाटलं. उद्या कधी लावणार?"


२० मार्च

दातांचे डॉक्टर आज बायकोला घेऊन आले. दोघं कप्प्याजवळ उभे राहून एकमेकांवर काय बरसले! जनरेटर बंद झाल्यावर ती मला म्हणाली, "तुमची जाई छान फुललीय," आणि दोघं हात धरून घरी गेले.

फाटकाजवळ कोपऱ्यावरचा न्हावी आणि त्याचा भागीदारही आले होते. टपालवाला तर एकटाच आला. सायकल लावली, जनरेटरकडे तोंड करून जीव खाऊन काहीतरी ओरडला आणि आमचं वीजबिल देऊन गेला. दहा वर्षं त्या माणसाकडून मी "टपाल" याशिवाय शब्द ऐकला नव्हता.

सगळं खरं, पण महिना चाललाय. डॉक्टरीणबाई आज येऊन तपासून गेल्या. त्यांनी सासूबाईंच्या बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा बघितला आणि मला नाही सांगितला. म्हटलं, गाडी तयार आहे की! आता नुसता सायलेन्सर आला की लावायचा. तर आतून दोघंही ओरडले, "टेस्ट बाकी आहेत!" वेगवेगळ्या खोल्यांतून. या दोघांना काम संपवायचंच नाहीये. संपलं तर बोलणार कुठे?


२१ मार्च

आज मीही गेले. का जाऊ नये? सगळी गल्ली जाते.

भावजी पेट्रोल आणायला गेले होते, जनरेटर चालू, हे एकटे. मी ह्यांच्या समोर उभी राहिले आणि ओरडले. सगळं ओरडले. म्हटलं, सात वर्षं मी तुमची वायर झालेय! तुम्ही त्याला सांग म्हणता, ते त्यांना सांगा म्हणतात, पण तुला काय म्हणायचंय हे कोणी विचारलं मला? मला फिरायला जायचं होतं त्या गाडीतून! पडदे शिवले होते मी तिचे! मी उद्या गेले तर तुम्ही दोघं मिठावाचून मराल या घरात! आणि म्हटलं, मला तुमच्याशी बोलायचं असतं, रोज, पण माझा सगळा आवाज तुमच्या निरोपांत खर्च होतो.

ह्यांचे ओठ हलले. बराच वेळ हलत होते. डोळे भरलेले मला दिसले. एक अक्षर ऐकू आलं नाही.

बंद झाल्यावर विचारलं, काय म्हणालात? "कुठे काय? ऑइल बघायला हवं."

पण चहा करून आणला. स्वतः. साखर विसरले, तरी मी प्यायले.


२२ मार्च

सायलेन्सर आला. लांबोडका, चकचकीत. मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.


२३ मार्च

सायलेन्सर नाही!

टेबलावर नाही, गाडीत नाही, दुकानात नाही. ह्यांना वाटतं भावजींनी लपवला, भावजींना वाटतं ह्यांनी. दोघांनी मुकाट्याने जाऊन जनरेटर लावला, केवळ भांडायला! आणि भांडले, अगदी गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत. हातवाऱ्यांवरून कळलं, गाडी सायलेन्सरवरून थेट त्या चौकात गेली. हे डावा हात दाखवतायत, भावजी उजवा. टपालवाला मधे पडायला गेला, त्याला दोघांनी मिळून बाजूला केलं.

मला मात्र काही सुचेना. सायलेन्सर नसेल तर म्हातारीला त्या आवाजावर दोन दिवस निजवायचं कसं? महिना संपत आला. म्हणजे संपलंच. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.


२४ मार्च

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सासूबाईंची चादर बदलायला गेले. पायथ्याशी घोंगडीखाली काहीतरी कडक. सायलेन्सर! मोज्यात गुंडाळून ठेवलेला! त्यांची नळी स्वयंपाकघरापर्यंत पोचते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"सासूबाई!!"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

म्हटलं, तुम्हालाच जायचंय ना? तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं? तर म्हणतात, "मुलं बोलतायत माझी. तुला का खुपतंय?"

मी खाली बसले. मला तरी कुठे ते बंद व्हायला हवंय? चादर नीट खोचली. मग मीच म्हटलं, सासूबाई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. जायचं तर आत्ताच. मुलांचं मी बघेन. तुम्ही बहिणीला भेटून घ्या.

त्यांनी सायलेन्सर हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "एकदा लावला की काढता येतो का तो?" मी म्हटलं, बोल्ट असतात. "बोल्ट नको. हाताने निघायला हवा. पटकन." कशाला? "सांग त्यांना तसं. एवढा एकच निरोप पोचव, मग बंद कर तुझी लाइन."

म्हातारपण आणि बालपण एकच म्हणतात, ते असं.


२६ मार्च

निरोप पोचवला. ह्यांनी चित्र काढलं, भावजींनी खिट्टीचा पट्टा बनवला. खिट्टी उघडली की सायलेन्सर हातात. मोजा कोणाचा होता ते मी सांगितलं नाही.

लावून बघितला. जनरेटर नुसता गुरगुरतो आता, झोपलेल्या मांजरासारखा. दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. घसा खाकरून आपापल्या खोलीत गेले. संध्याकाळी गल्ली जमली होती, तीही हळहळून परत गेली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "चांगलं चालू होतं हो."


२८ मार्च

निघालो! सासूबाई पलंगावर, खाली जनरेटर, नाकात नळी, खिडकीला माझे पडदे. पडदे विटलेत, पण लागले एकदाचे. भावजी चालवतायत, हे नकाशा घेऊन शेजारी, मधे मी. लाइन बंद आहे हे मी निघतानाच बजावलं. सासूबाईंनी नवी साडी नेसलीय आणि वाटेत दोनदा आरसा मागितला. बहिणीला भेटायला आरसा!


२९ मार्च

तो चौक आला.

मी ओळखला. ह्यांनीही ओळखला, नकाशाची घडी घातली. भावजींनी गाडीचा वेग कमी केला, आणखी कमी केला आणि चौकाच्या मधोमध थांबवली. हे माझ्याकडे बघतात. भावजी माझ्याकडे बघतात. मी पडदा बघतेय. मागे भोंगे वाजायला लागले. एक ट्रकवाला उतरून काचेवर थापा मारून गेला. जनरेटर गुरगुरतोय, सासूबाईंचं मशीन घरघरतंय, आणि तीन म्हातारी माणसं तोंड शिवून बसलीयत!

शेवटी हे म्हणाले, काचेकडे बघत, पण म्हणाले, "डावीकडे घे रे."

भावजींच्या हातावर काटा आलेला मी बघितला. डावीकडे घेतली.

आणि पुढे काय असावं? पूल. बुटका. अगदी उजवीकडच्यासारखाच! ज्या डावीकडेसाठी सात वर्षं घालवली त्या डावीकडेही पूल! भावजींनी ब्रेक दाबला, छपराची आणि पुलाची भेट वीतभर चुकली.

आता गाडी मागे घ्यायची, मागे ट्रक, रस्ता अरुंद. हे खाली उतरून मागे गेले. मी ह्यांच्या बाजूची काच वर करून टाकली, लाइन बंद म्हणून; भावजींची उघडीच होती. मग मागून आवाज आला, "ये... ये... ये... अजून ये... डावीकडे काप... अरे माझी डावी!... ये... थांब! अरे बाळ्या, थांब!!"

"थांबलोय की दादा! ओरडतोस काय!"

"मग ओरडू नको तर काय करू! दगड दिसत नाही तुला?"

बाळ्या! दादा! आरडाओरड होती, पण जनरेटर गुरगुरत होता, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. हे धरायचं! हे मी धरलंय, तारखेसकट.

आतून सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू, मी नळी सारखी केली. म्हणाल्या, "सरळ जायचं होतं रे गाढवांनो. तेव्हाही सरळच होतं. मला विचारलंत कधी?" म्हटलं, मग तेव्हा सांगितलं का नाही? सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "तेव्हा माझी तयारी नव्हती," म्हणाल्या.

कसली तयारी, ते मला कळलं नाही. विचारायला वेळही नव्हता. दोघं पुढे बसून त्या दगडावरून भांडत होते, थांबतच नव्हते.


३० मार्च

पोचलो. मावशी दारातच ताठ उभी. गुडघे ठणठणीत आहेत. आम्ही सासूबाईंना मशीनसकट खुर्चीवर बसवून अंगणात उतरवलं. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, मावशी, कशा आहात? मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तिला सांग, फार उशीर केलास."

मला शिंपीणबाई आठवल्या.

सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग —" आणि थांबल्या. पदर सारखा केला. मग मान वळवून मुलांना म्हणाल्या, "सायलेन्सर काढा रे. आणि जनरेटर लावा."